कॉपीची शिकवणी

नोकरीत असताना मी कॉपी पकडण्यासाठी प्रसिद्ध होते. निवृत्त झाल्यावर कॉपी शिकवण्यासाठी झाले. मधल्या काळात माझ्यात काही फरक पडला नाही. फक्त पगार बंद झाला.

त्याचं असं झालं. आमच्या गावात शाळा एका टोकाला आणि कामधंदा दुसऱ्या टोकाला. मध्ये एकच रस्ता, आणि रस्त्याच्या मधोमध, बस थांब्याशेजारी, एक बुटका कठडा. शाळा संपलेली मुलं कामाच्या दिशेने निघायची आणि या कठड्यापर्यंत येऊन बसायची. दरवर्षी निरोपसमारंभात मुख्याध्यापक मुलांना 'उद्याचे आधारस्तंभ' म्हणायचे. हे आधारस्तंभ मग वर्षानुवर्षं त्या कठड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बसना नावं ठेवायचे. एकदा शहरातून एक मार्गदर्शक साहेब आले. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली: वैमानिक, संशोधक, जहाजाचा कप्तान. आमच्या गावातला सर्वांत मोठा जलाशय म्हणजे पोलीस चौकीमागचं डबकं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी चहा घेतला, आणि मुलं पुन्हा कठड्यावर.

मी ठरवलं, कप्तान राहू दे, आधी यांना कठड्यावरून उठवू. माझ्याकडे भांडवल एकच होतं. गावात आज जो कोणी हातात पाना नाहीतर कात्री धरून रुबाबात उभा होता, त्याचं नाक लहानपणी मी पुसलं होतं. गॅरेजवाल्याकडे जायचं आणि म्हणायचं, "काय रे, दुसरीत असताना तू बाकावर बसल्या बसल्या काय केलं होतंस, ते तुझ्या गिऱ्हाइकांना सांगितलंयस का?" की तो लगेच एका मुलाला कामावर ठेवायचा. याला कोणी धमकी म्हणेल. मी याला माजी विद्यार्थ्यांशी जिव्हाळ्याचे संबंध म्हणते.

अशी बरीच मुलं लागली मार्गाला. अडली ती काटकोन.

हे नाव वर्गाने ठेवलेलं. ती बसायची ताठ, बोलायची सरळ, आणि परीक्षेत शेजारणीच्या पेपरवर चुकूनही नजर पडू नये म्हणून विचार करताना मान पूर्ण वळवून भिंतीकडे बघायची. मीच कितीदा म्हटलं असेल, "अगं, जरा समोर बघ, मान लचकेल." मार्क बेताचेच पडायचे, पण पडायचे ते तिचे स्वतःचे. मात्र वर्गात एखादं बाक डुगडुगायला लागलं की सगळे तिला हाक मारायचे. ती खाली शिरायची, कुठे काय ढिलं झालंय ते शोधायची, आणि केसांत जळमटं घेऊन अशी हसत वर यायची की जणू सहलीला जाऊन आली. 'मी मोठेपणी कोण होणार' या निबंधात सगळ्या वर्गाने डॉक्टर होऊन गरिबांची फुकट सेवा करायचं ठरवलं. हिने लिहिलं, 'मी न डुगडुगणारं बाक करीन.' निबंध संपला.

शाळा संपली तशी तिच्या आईने वेगळंच ठरवलं. आई बस थांब्यावरच्या तिकीट खिडकीत बसायची. कठडा दिवसभर तिच्या डोळ्यांसमोर.

"माझी मुलगी मला तिथे बसलेली बघायची नाही," ती म्हणाली. "शहरात माझ्या बहिणीला जुळी झालीयेत. तिला कोणीतरी हवंच आहे सांभाळायला. पाठवून देते."

"आणि पुढे?"

"पुढे जुळी मोठी होतील की, बाई."

"आणि ही?"

आईने मागच्या माणसाला हाताने पुढे बोलावलं आणि त्याला तिकीट दिलं. माझ्या प्रश्नाला तिच्याकडे सुट्टे नव्हते.

काटकोन माझ्या शेजारीच उभी होती. म्हणाली, "बाई, मला लाकडाचं काम शिकायचंय. मावशीची जुळी लाकडाची असती तर मी लगेच गेले असते."

मी आईकडून थोडी मुदत मागून घेतली. आई म्हणाली, "मिस्त्रीने कायम ठेवलं तर राहू दे. नाहीतर बसचं तिकीट माझ्याच हातात आहे."

गावात लाकूडकाम करणारा मिस्त्री एकच. तो तोंडाने काही शिकवत नाही. तोंड त्याने फक्त जेवणासाठी आणि लाकडाला शिव्या देण्यासाठी राखून ठेवलंय. शिवाय तो माझ्या सबंध कारकिर्दीतला सर्वांत नाणावलेला कॉपीबहाद्दर. त्याची पद्धत अशी: उजव्या हाताने मान खाजवायची, खाजवताना कोपर वर न्यायचं, आणि त्या कोपराखालून शेजाऱ्याचा पेपर वाचायचा. वर्षभर मी समजत होते की पोराला खरूज आहे. त्याच्या आईला मलमसुद्धा सुचवलं. शेवटी तो सापडला चुकांवरून. बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं. चूक सारखी आली, तीही त्याच जागी, की समजायचं, एकाने दुसऱ्याचं बघितलंय. परीक्षक म्हणून मला आयुष्यात कळलेली खात्रीची गोष्ट एवढीच.

मी गेले तेव्हा तो रंधा मारत होता.

"बाई, मी शिकवतबिकवत नाही," मी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला.

"नकोच शिकवूस. तुला येणारही नाही. ती बघून शिकेल."

"फार बोलते का?"

"तुझ्यापेक्षा जास्त. तसा तुझा रंधाही तुझ्यापेक्षा जास्त बोलतो."

त्याने रंध्यात अडकलेली ढलपी काढली. "औषधवाल्याचा काउंटर चाललाय. तो होईस्तोवर येऊ दे. मग सांगतो."

आठवडाभरात मिस्त्री माझ्या दारात. कपड्यांवर भुसा, चेहऱ्यावर अपमान.

"बाई, तुमची ती मुलगी माझ्याकडे बघत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बघत नाही! मी खाच पाडायला घेतली की तोंड फिरवते. पटाशी उचलली की भिंतीकडे. मी काय इतका वाईट दिसतो?"

"इतका नाही," मी म्हटलं.

"हातात हात घेऊन शिकवायला मी काय बालवाडी काढलीय? काउंटर झाला की तिला तुम्ही घेऊन जा."

मी चपला घातल्या आणि त्याच्यासोबत गेले. खिडकीतून पाहिलं. मिस्त्री कामाला लागला, फळीवर पटाशी टेकवली, आणि काटकोनने शहाण्या मुलीसारखी मान वळवली. समोरच्या भिंतीवर जुनी करवत टांगलेली होती, तिचे दात ती एकाग्रतेने बघत राहिली.

मी तिला बाहेर बोलावलं. "अगं, ते काम करताहेत आणि तू तिकडे काय बघतेस?"

"त्यांचं त्यांचं काम चाललंय ना, बाई."

"मग?"

"मग बघितलं तर कॉपी होईल." तिचे डोळे भरून आले. "बाई, मी खूप विचार करते, पण मला ती खाच स्वतःहून सुचतच नाही."

मी तिथल्याच फळ्यांच्या ढिगावर बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले. मग हसू थांबलं. बारा वर्षं आम्ही या मुलीला एकच गोष्ट नेमाने शिकवली होती: शेजाऱ्याचं बघायचं नाही. ती तिने शिकून घेतली होती. आमची सर्वांत यशस्वी विद्यार्थिनी, आणि म्हणूनच आता तिच्या नशिबी जुळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या ओसरीत कॉपीची शिकवणी सुरू केली. विद्यार्थी एक, फी नाही.

"मी वाटाणे सोलते. तू बघ," मी म्हटलं.

तिने बघितलं आणि लगेच मान वळवली. सवयच ती.

"वळलीस! पुन्हा. निर्लज्जासारखं बघ. अजून वाक. माझ्या हातावर तुझी सावली पडली पाहिजे."

"तुम्हाला राग येणार नाही?"

"मी चिडले तरी बघ. शिपाई आला तरी बघ. मुख्याध्यापक आले तर त्यांना म्हणावं, जरा बाजूला सरका, दिसत नाही."

वाटाण्यांनंतर सुई ओवणं, सुईनंतर गाठी. मग मी तिला घेऊन रस्त्यावर फिरले. चांभार टाका कसा घालतो, गॅरेजवाला चाक कसं उतरवतो, तिथे जाऊन आम्ही दोघी आ वासून उभ्या. गॅरेजवाला घाबरून म्हणाला, "बाई, माझं दुसरीतलं काही सांगू नका, ठेवलाय ना मुलगा!" त्याला वाटलं, मी तपासणीला आलेय.

मुलगी मुळात अभ्यासू. एकदा परवानगी मिळाली म्हटल्यावर तिने मिस्त्रीची अशी कॉपी केली की विचारू नका. थोड्याच दिवसांत तिची आई माझ्याकडे तणतणत आली.

"बाई, काय शिकवलंत तिला? ती मिस्त्रीसारखी खाकरते! पेन्सिल कानामागे ठेवून झोपते! काल भाकरी करपली तर तव्याला अशी शिवी दिली की शेजारीण खिडकी लावून बसली."

"बोट कसं धरते?" मी विचारलं. मिस्त्रीचं एक बोट जुन्या जखमेने ताठ झालंय, वाकत नाही.

"तेही! चमचा धरला तरी ते एक बोट ताठ! धडधाकट बोट आहे हो तिचं!"

"मग शिकवणी उत्तम चाललीय," मी म्हटलं. "बसा, चहा टाकते."

चहासाखरेचा डबा कपाटाच्या खणात होता. मी खण थोडा ओढला, तो नेहमीच्या जागी अडकला, मी खालून गुडघ्याने ढुशी दिली, खण उघडला. आईने याकडे बघितलंही नाही, कारण तिच्या घरचा खणही असाच उघडायचा. गावातले सगळे खण मिस्त्रीच्या हातचे. कपाट वखारीतून मशीनवर कापून आलेल्या फळ्यांचं, पण खण तो स्वतः आखून, स्वतः कापून करायचा, आणि प्रत्येक खण निम्म्यावर येऊन रुसायचा. आम्ही सगळे गुडघ्याने उघडायचो. त्याबद्दल कधी कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. एकतर मिस्त्री तिरसट, आणि दुसरं म्हणजे आम्हाला वाटायचं, खण ही वस्तूच अशी असते.

"रोज बहिणीचा फोन येतोय," आई चहा पिता पिता म्हणाली. आवाज खाली आला होता. "मी सांगते, तिकीट मिळत नाहीये. मीच तिकीट देते, बाई, आणि मीच असं सांगते. त्या मिस्त्रीला विचारा ना काय ते."

मी विचारलं. मिस्त्री म्हणाला, "काउंटरला खणांची रांग आहे. त्यातला एक तिला करू देतो. सगळे बसवले की औषधवाला येईल. नवशिकीचा कुठला ते त्याला ओळखू आलं, तर मुलगी घरी. नाही आलं, तर कायम."

ही बातमी मी काटकोनला सांगितली. तिने कानामागची पेन्सिल काढून पुन्हा तिथेच ठेवली.

परीक्षेच्या दिवशी मी लवकर जाऊन बसले. सवय. आईने तिकीट खिडकीवर 'लगेच येते' अशी पाटी लावली आणि आली. मागे बस चुकलेल्या लोकांची आरडाओरड ऐकू येत होती. काउंटर भिंतीला टेकून उभा, पॉलिश केलेला. औषधवाला आला. तोही माझाच विद्यार्थी. लहानपणी खडू खायचा, आता कॅल्शियम विकतो.

"यातला एक या मुलीने केलाय," मिस्त्री म्हणाला. "कुठला ते सांग."

औषधवाल्याने चष्मा पुसला आणि पहिला खण ओढला. अडकला. गुडघा. उघडला. दुसरा ओढला. अडकला. गुडघा. उघडला. तिसऱ्यालाही तेच. सगळी रांग त्याने गुडघ्याने उघडली आणि शेवटी एक पाय चोळत उभा राहिला.

"सगळे सारखेच आहेत राव. अगदी तुझ्या हातचे."

काटकोनच्या आईने कपाळावरचा घाम पुसला. मिस्त्री मान हलवत म्हणाला, "कायम."

मी मात्र खुर्चीत पुढे सरकले. सगळे खण अडकत होते, आणि सगळे त्याच जागी. इतकी सारखी चूक मी फक्त एकदाच पाहिली होती, आणि तेव्हा मान खाजवणारा आता काउंटरपाशी उभा होता. मी काटकोनकडे बघितलं. तिने हात वर केला होता. वर्गात करतात तसा, कोपर सरळ.

"खाली घे तो हात," मी हळूच म्हटलं. "झालीस पास. गप्प बस."

पण ती काटकोन. "मिस्त्रीकाका, मी दोन केले होते."

"काय दोन?"

ती वाकली आणि भुशाच्या पोत्यामागून आणखी एक खण काढला. "हा आधी केला. तुमचा गुण्या तुम्ही वापरत होता, म्हणून काटकोन बघायला माझ्या कंपासपेटीतला घेतला. पण हा खण अडकेचना. मग लगेच ओळखू आला असता. म्हणून दुसरा तुमच्या गुण्याने केला. तो बरोबर अडकला."

दुकानात अशी शांतता पसरली की बाहेरच्या बस चुकलेल्यांचे शब्द स्पष्ट ऐकू यायला लागले. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मिस्त्रीने एक खण काढून ठेवला आणि त्या जागी तिचा पहिला सारला. "ओढ," तो औषधवाल्याला म्हणाला.

औषधवाल्याने सवयीने सगळं अंग मागे टाकलं, गुडघा उचलला आणि ओढलं. खण लोण्यातून निघावा तसा सुळकन बाहेर आला, आणि औषधवाला खणासकट भुशात बसला. खण मांडीवर, चष्मा खणात.

"हा बिघडलाय!" तो ओरडला. "धोकादायक आहे हा! माझ्या दुकानात म्हातारी माणसं येतात!"

मिस्त्रीने त्याच्या मांडीवरून खण उचलला, चष्मा त्याला परत दिला. खण आत सारला, बाहेर ओढला. आत, बाहेर. मग त्याने आपला गुण्या घेतला, काटकोनने दप्तरातून काढलेला शाळेचा गुण्या त्याला टेकवला आणि दोन्ही खिडकीकडे धरले. मधून उजेडाची बारीक फट दिसत होती.

"पडला असेल कधीतरी," आई समजुतीने म्हणाली.

"गावातले बाकीचेही अडकतात?" मिस्त्रीने आमच्याकडे न बघता विचारलं. "बाई, तुमच्या घरचं कपाट?"

"अडकतं."

"कधीपासून?"

"तू आणून दिलंस तेव्हापासून."

"आणि सांगितलं नाहीत?"

"अरे, आम्हाला वाटलं खण असेच असतात."

तो वळला. काटकोन अजून उभी होती, रंग उडालेली, पण ताठ. "काका," ती म्हणाली, "हा खण ओळखू आला. अट मोडली."

तिच्या आईने जाहीरपणे कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं प्रामाणिकपणावर सुविचार लिहिले मी फळ्यावर. त्या क्षणी तो फळा पुसायला हात शिवशिवत होते.

मिस्त्री बराच वेळ खणाच्या कडेवरून ताठ बोट फिरवत राहिला.

"कोणाला ओळखू आला?" शेवटी तो म्हणाला. "गिऱ्हाईक तर म्हणतंय बिघडलाय. आणि या गावात बिघडलेले खण फक्त मीच करतो." त्याने खण आत लोटला. "उद्या लवकर ये. हे सगळे काढून पुन्हा करायचेत."

"माझे गुडघ्यानेच उघडणारे राहू दे की," औषधवाला भुसा झटकत म्हणाला. "सवय झालीय."

आई धावत तिकीट खिडकीकडे गेली. तिने बहिणीला काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण तिथल्या रांगेने नंतर सांगितलं की त्या दिवशी तिने कोणाकडेही सुट्टे मागितले नाहीत.

काही दिवसांनी मी माझ्या कपाटाचा खण काखेत मारून मिस्त्रीकडे गेले. गावातले बरेच जण तसेच खण घेऊन रांगेत उभे होते. दाखवायला लाजत होते, जणू काही काढून आणलेला दात. आत काटकोन फळीवर वाकून आखत होती. शाळेचा गुण्या, कानामागे पेन्सिल, आणि ते एक बोट अजून उगाचच ताठ.

पलीकडच्या टेबलाशी मिस्त्री त्याच्या फळीसमोर उभा होता. मी हाक मारणार एवढ्यात त्याचा उजवा हात वर गेला. त्याने मान खाजवली. खाजवता खाजवता कोपर वर गेलं, आणि कोपराखालून त्याची नजर हळूच काटकोनच्या फळीवर आली.

काटकोनला ते कळलं होतं. तिने मान वर केली नाही. फक्त आपला डावा हात फळीवरून थोडा बाजूला घेतला, त्याला नीट दिसावं म्हणून.

मी दारातच थांबले, आणि समोरच्या भिंतीवरच्या करवतीचे दात बघत राहिले.